निळ्याच्या खाली रंग नाय

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

मैनाला आज घरी आणली. अकरा दिवस महाडला दवाखान्यात व्हतो.

ही वही शुभदाताईंनी दिली. ताई म्हणजे तिथल्या डॉक्टरांची बहीण. त्या डॉक्टर नायत, गणिताच्या हायत. पुण्याला मोठं शिक्षण चाललंय, त्याचं शेवटचं लिवायला काय महिने घरी आल्यात. दुपारी भावाच्या दवाखान्यात बसतात. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, मला काय लिवता येणार? तर म्हणाल्या, "बोलतेस तसं लिही. मी काही तपासायला येत नाही." रंगांचा कागद वेगळा ठेवायचा, तो त्यांना दाखवायचा. वही माझी एकटीची. मनात येईल ते लिवायचं, म्हणजे रात्री डोकं हलकं होतं म्हणे.

मैना सहा वर्सांची, पयलीत हाय. दसऱ्यापासून तांब्यावर तांबे पाणी प्यायची आणि सारखी लघवीला जायची. अंगणात जिथं बसायची तिथं मुंग्या लागायच्या. मी मुंग्यांवर राख टाकली. बाकी मला काय सुचलं नाय. दिवाळीनंतर एक दिस पोरीनं डोळे फिरवले. तिला घेऊन वाडीवरनं पोलादपूरला, तिथनं महाडला.

डॉक्टर म्हणाले, साखर जिरवायचं औषध अंगात आपोआप बनतं, हिच्या अंगात ते बनायचं थांबलंय. आता सुईनं द्यायचं, रोज. मी म्हटलं, किती दिस? ते म्हणाले, रोज. मी म्हटलं, रोज, पण किती दिस? मंग त्यांनी सुई माझ्या हातात दिली.

१२ नोव्हेंबर

सुई मीच टोचते. ह्यांचा हात कापतो. एवढा कंपनीत आगीजवळ काम करणारा माणूस, सुई पायली की भायेर जाऊन उभा ऱ्हातो.

सकाळी सिरिंजवरच्या आठ रेघा औषध, संध्याकाळी चार. बाटली मडक्यात ओल्या रेतीत ठेवलीय, थंड ऱ्हावी म्हणून. सुईच्या आधी लघवी तपासायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच ऱ्हायलं तर साखर नाय. मंग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट विटेसारखा लाल. आज सकाळी लाल, संध्याकाळी लाल.

मैना म्हणते, "आई, माझी शू होळीसारखी रंगीत झाली." मी हसले, मंग चुलीकडं तोंड केलं.

आत्या, म्हणजे माझी सासू साळूबाई, नळीकडं बघत पण नाय. म्हणते, "बिनगोडाचं पोर वाढंल कसं? हाडं दिसायला लागली."

२१ नोव्हेंबर

नऊ दिस लिवलं नाय. वहीला हातच लागला नाय.

लाल दिसला म्हणून मी दोन रेघा वाढवल्या. दुसऱ्या दिशी दुपारी पोर घामानं भिजली, हात थरथरायला लागले, मला म्हणते, "तू कोण?" साखर तोंडात कोंबली, तवा शुद्धीत आली. मी भ्याले, तीन रेघा कमी केल्या. तर परत लाल. परत वाढवल्या. परत घाम. असंच चाललंय. लाल आला की मी वर, घाम आला की मी खाली. रात्री डोळा लागत नाय, तिच्या कपाळाला हात लावून बघते.

हे म्हणाले, "तू नव्या पोरागत करतेस."

म्हटलं, "कुठल्या पोरागत?"

"कंपनीत नवा ऑपरेटर आला की असंच करतो. टाकीच्या गरमीचा काटा जरा हलला की व्हॉल्व फिरवला. गरमी उतरायला वेळ लागतो, तवर ह्याचा धीर सुटतो, अजून फिरवतो. मंग टाकी येडी होते. टाकी येडी नसते गो, ह्यो असतो."

मला राग आला. म्हटलं, "माझी पोर टाकी नाय."

हे उठले. पयल्या पाळीची बस धरायला सहाला निघून गेले. डबा न्यायचा विसरले.

२९ नोव्हेंबर, रविवार

महाडला गेलो. ताईंना रंगांचा कागद दाखवला. हे कंपनीतले जुने लॉगशीटचे कागद आणतात, एका बाजूला कोरे, त्याच्यावर मी घरं पाडलीत. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ताई लई वेळ बघत बसल्या. मला वाटलं आता रागवतील.

त्यांनी मैनाला मूठभर चिंचोके दिले. फरशीवर खडूनं फुली काढली. मला म्हणाल्या, "फुलीच्या वर हात धर, खांद्याएवढा उंच, आणि एक चिंचोका सोड. फुलीच्या डावीकडे पडला तर पुढच्या वेळी हात तेवढा उजवीकडे ने. उजवीकडे पडला तर तेवढा डावीकडे. वीस वेळा." मैनाला म्हणाल्या, "तू स्टुलावर उभी राहा. हात फुलीच्या वर, आणि काही झालं तरी हलवायचा नाही."

मी लई लक्ष देऊन टाकले. माझे पार टेबलाखाली गेले, एक तर पेशंटच्या चपलेत पडला. मैनाचे पण उडाले इकडंतिकडं, पण सगळे फुलीच्या आसपास. मैना ओरडली, "आई हरली! आई हरली!" बसलेले पेशंट पण हसले.

ताई म्हणाल्या, "चिंचोका पडल्यावर कुठे उडेल ते कोणालाच ठाऊक नाही. तुलाही नाही, मलाही नाही. पण वीस मिळून कुठे पडतात ते कळतं. तू एकेका चिंचोक्याच्या मागे धावत होतीस, म्हणून पसारा वाढला." मंग म्हणाल्या, "माझं सगळं शिक्षण एवढंच आहे. जे आपलं आपण हलतं, ते किती हलू द्यायचं आणि कधी हात लावायचा."

म्हटलं, "ह्याला एवढी वर्सं लागतात?"

त्या हसल्या. "लागतात ग. आणि अजून नीट जमलेलं नाही."

भावाला विचारून त्यांनी मला नियम लिवून दिला. हिरवा-पिवळा असेल तर हात लावायचा नाय. सलग तीन दिस लाल, तरच एक रेघ वाढवायची. सलग तीन दिस निळा, तर एक रेघ कमी. एकच, जास्त नाय. रंग ही शिळी बातमी हाय, दोन-तीन तासांमागची, म्हणून धीर धरायचा. पण घाम, थरथर, येड्यासारखं बोलणं, असं काय दिसलं तर रंग बघायचा नाय, दिस मोजायचे नायत, आधी साखर.

मी म्हटलं, सगळे निळे आले की मी देवीला नारळ देणार. तर ताई म्हणाल्या, "नको. थोडा हिरवा मला आवडेल. निळ्याच्या खाली रंग नाही. साखर बरोबर असली तरी निळा, कमी असली तरी निळा, फारच कमी असली तरी निळाच."

व्हय म्हटलं. पण निळा रंग मला आवडतो.

१३ डिसेंबर

दोन हप्ते नियम पाळला. लई जड जातं. काल लाल आला, माझा हात आपोआप दोन रेघा वर गेला, मंग मागं आणला. त्या वेळी वाटतं आपण पोरीला मारतोय. पण आज पिवळा.

घाम आला नाय ह्या हप्त्यात. मैना परत शाळेत जाते. शाळा सकाळची, साडेअकराला घरी येते. मी कामावर असले तर दुपारी आत्या बघते तिला.

दुपारनंतरचा रंग तेवढा वाईट. सकाळी हिरवा असला तरी संध्याकाळी नारिंगी नायतर लाल. रोज नाय, पण बहुतेक. भाकरी मी मोजून देते, एक, नाचणीची. कळत नाय.

२० डिसेंबर, रविवार

शुभदाताई आमच्या वाडीवर आल्या! एसटीनं पोलादपूर, मंग आंबेनळीच्या रस्त्याला फाट्यावर उतरून चालत. सँडल हातात घेऊन आल्या. आत्यानं त्यांना ताक दिलं, ओटीवर घोंगडी टाकली. काशीबाई शेजारीण बघायला आली, म्हणते, "लगीन झालं काय?" ताई म्हणाल्या, "नाही." काशीबाई म्हणते, "गणिताशीच केलंय मंग." ताईच सगळ्यात जास्त हसल्या.

मंग कागद बघितला. म्हणाल्या, "सकाळचं छान चाललंय. पण दुपारी काहीतरी होतंय. इथे लिहिलं नाही असं काही खाते का ती?"

म्हटलं, "नाय."

आत्यांना विचारलं. आत्या शेंगा सोलत व्हत्या. म्हणाल्या, "मी कशाला काय देऊ? मला काय कळत नाय?"

ताई म्हणाल्या, "रागावू नका, आजी. सांगते का विचारलं ते. जे मला ठाऊक नसतं त्याला मी गणितात एक अक्षर देते, नशिबाचं, आणि पुढे जाते. तेवढ्यानं भागतं. पण कोणाला ठाऊक असून लिहिलं नाही, तर तेही त्याच अक्षरात जाऊन बसतं. मग मला ते नशीबच वाटतं आणि गणित फसतं."

आत्या म्हणाल्या, "नशीब तर हायच की." आणि शेंगांचं सूप घेऊन आत गेल्या.

ताई म्हणाल्या, मंग दुपारच्या लालसाठी सकाळची एक रेघ वाढव. नऊ झाल्या.

१४ जानेवारी १९९९

संक्रांत. शाळेत पोरांनी एकमेकांना तिळगूळ दिला. मैनानं घेतला आणि सगळा मूठ बंद करून घरी आणला, माझ्या हातात ठेवला. म्हणते, "मी नुसतं गोड बोलले." मी तिला कुशीत घेतलं. एवढी शाणी पोर कोणाची नसंल.

दुपारी आत्या तिला घेऊन देवळाकडं गेली. संध्याकाळी विटेवानी लाल.

फ्रॉक धुताना खिशाला मुंग्या लागलेल्या. म्हणजे आता कपड्याला लागलेल्या लघवीला पण मुंग्या यायला लागल्या. आजार वाढला वाटतं. फ्रॉक दोनदा धुतला.

आता दहा रेघा.

१० फेब्रुवारी

अकरा रेघा. सकाळी हिरवा, संध्याकाळी पिवळा. दहा दिस झाले, कागदावर लाल नाय.

हे म्हणाले, "आता कशी टाकी गप बसली." म्हटलं, टाकी म्हणू नका. पण ह्या वेळी मला राग आला नाय. मैना त्यांच्या पाठीवर बसून ओटीवर घोडा घोडा करत व्हती. हिचं वजन वाढलंय, गाल आलेत. आत्याच्या मागं मागं असते सारखी. "आजे, चल ना गोठ्यात, आजे चल ना." म्हातारीला पण काम नाय दुसरं, गेली उठून तिच्याबरोबर. मला बरं वाटतं. मी आजारी पोरीला सुया टोचणारी, माझ्याकडं कशाला येईल?

१४ फेब्रुवारी

ताई पुण्याला चालल्या. निरोप घ्यायला महाडला गेलो. मैनानं त्यांना चिंचोके दिले, पुडीत बांधून, मोजून वीस. ताईंनी आमच्या कागदाचं चित्र काढलं व्हतं, रंगांची वर-खाली जाणारी रेघ. पयल्यांदा नुसते डोंगर, कड्यावरनं दरीत. मंग हळूहळू बारीक लाटा. म्हणाल्या, "हे बघ, तू केलंस हे. आमच्या पुस्तकांत इतकं सुंदर येत नाही."

मी चौथी शिकलेली. मला कोणी असं कवा बोललं नाय.

२२ फेब्रुवारी

आज मी रडले. आत्यांसमोर रडायला नको व्हतं.

सकाळी सुई टोचताना मैना म्हणाली, "आई, मी मोठी झाले की ही सुई माझ्या बाळाला पण टोचायची का?" मी तिला शाळेत पाठवली आणि चुलीपाशी बसून रडले. आत्या आल्या, म्हणाल्या, "काय झालं गो?" मी म्हटलं, "आत्या, मी भिते. एक चूक झाली तर पोर जाईल. एवढंसं गोड कमी-जास्त झालं तरी जाईल. मला कोण सांगणार कुठं चुकतंय ते?"

आत्या माझ्याजवळ टेकल्या. लई वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या. दुपारी त्या जेवल्या नाय. मला वाटलं म्हातारपण.

२ मार्च, मंगळवार

काल शिमग्याचा होम लागला. आज देवीची पालखी दारात आली. ढोलांनी वाडी हादरत व्हती. ह्यांनी पण खांदा दिला, पालखी नाचवली. मैना ओटीवर टाळ्या वाजवत उड्या मारत व्हती.

ओटी भरताना आत्या पालखीपुढं वाकल्या आणि मोठ्यानं बोलल्या, सगळ्यांच्या देखत, "आई, आजपासून मी गूळ सोडला. माझ्या हातनं गूळ उचलणार नाय. माझ्या नातीला राख." आमच्याकडं असं आवडीची वस्तू देवीला सोडतात. पण आत्यांनी गूळ सोडावा! ज्या बाईला गुळाशिवाय चहा घशाखाली उतरत नाय. काशीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी त्यांनी बिनगुळाचा कोरा चहा प्याला. तोंड वाकडं झालं, तरी प्याल्या. मी मनात म्हटलं, ह्या बाईला मी उगाच कडू समजत व्हते.

३ मार्च

सकाळी हिरवा. संध्याकाळी निळा! निळा, स्वच्छ, औषध ओततो तसाच. मी नळी उजेडाला धरून आत्यांना दाखवली. म्हटलं, "देवीनं ऐकलं." आत्यांनी हात जोडले.

४ मार्च

सकाळी निळा, संध्याकाळी निळा. ह्यांना दाखवायला नळी ठेवून दिली व्हती, दुसऱ्या पाळीवरनं येतील तवर. मैना किरकिर करते. शाळेत बाकावर डोकं ठेवून झोपली म्हणे. शिमग्यात दमली. भूक भूक करते, अर्धी भाकरी जास्त दिली.

नियम बघितला. तीन दिस निळा तर एक रेघ कमी. दोन झाले. एक मन म्हणालं, आजच कमी कर. पण मागं मी असंच करून करून पोरीचे हाल केले. ताईंनी सांगितलंय, धीर धरायचा. उद्या संध्याकाळचा रंग बघून परवापासून दहा रेघा.

११ मार्च

मैना गेली. रविवारी.

१५ मार्च

लिवायचं नव्हतं. पण डोक्यात तेच तेच फिरतं.

शुक्रवारी सकाळी निळा. अकरा रेघा टोचल्या. भाकरी खाल्ली तिनं. शाळेत गेली. मी राबासाठी, म्हणजे शेत भाजायला, फांद्या तोडायला वर डोंगराला गेले, आत्यांना सांगून की साडेअकराला येईल, भाकरी टोपलीत हाय. ऊन लई व्हतं. साडेबाराला भारा घेऊन खाली आले. आत्या अंगणात शेणी लावत व्हत्या. म्हणाल्या, "झोपलीय. भाकरी नको म्हणाली. ऊन लागलंय तिला, घामाघूम हाय."

घाम म्हटल्यावर मी भारा टाकून पळाले.

ओटीवर पडली व्हती. फ्रॉक ओला, दात गच्च. हातपाय झटकत व्हती. साखर ओठांना लावली, आत जाईना. गावातल्या गोमाजीची जीप मिळाली फाट्यावर. पोलादपूरला सलाईन लावली, मंग महाड. डॉक्टर म्हणाले, साखर आता वर आलीय, पण डोकं फार वेळ उपाशी ऱ्हायलं. दोन दिस श्वास चालला. मी तिच्या हातात एक चिंचोका ठेवला. मूठ मिटली नाय.

अकराच्या जागी दहा रेघा टोचल्या असत्या तर. एक रेघ. नखाएवढी पण नाय.

१८ मार्च

आत्या जेवत नाय. आज मी ताट घेऊन गोठ्यात गेले. तिथंच बसलेल्या असतात, मैनाच्या जागेवर. म्हटलं, "आत्या, दोन घास खा. तुम्हाला काय झालं तर ह्यांनी कोणाकडं बघायचं?"

मंग त्या बोलल्या.

"मागत व्हती गो ती."

"काय मागत व्हती?"

"गूळ. मी रोज द्यायची एक खडा. दुपारी, हितं गोठ्यात. लहान पोर, रडकं तोंड करायची, माझ्यानं बघवायचं नाय. माझ्या लेकाला, श्रीपतला पण मी असाच वाढवला. तू त्या दिशी रडलीस, म्हटलीस एवढंसं गोड पोरीला मारंल. तवा कळलं मी काय करते ते. तुला सांगितलं असतं तर तू पोरीला माझ्याजवळ येऊ दिली नसतीस. म्हणून देवीपुढं सोडला. माझ्यानं नायतर सुटला नसता. शुक्रवारी शाळेतनं आली ती माझ्या पदराला धरून म्हणायला लागली, आजे गूळ दे, आजे गूळ दे, मला कसं तरी होतंय. मला वाटलं रोजचं सोंग. मी म्हटलं, देवीला बोललेय बाय, आता नाय. रडली. मंग गप पडून ऱ्हायली. मला वाटलं, ऐकलं पोरीनं."

ताट माझ्या हातात व्हतं. बैल ताटाकडं बघत व्हता.

पोरीला स्वतःला कळलं व्हतं काय पायजे ते.

मला वाटलं म्हातारीला ओरडावं, मारावं, वाडी गोळा करावी. पण मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडापुढं धरला. का ते मला माहीत नाय.

ह्यांना सांगितलं नाय.

२१ मार्च, रविवार

शुभदाताई आल्या. भावानं पुण्याला कळवलं व्हतं. हे गावात गेलेले, घरी मी आणि आत्या. ताई ओटीवर बसल्या, मैना झोपायची त्या जागेला लागूनच. त्यांना माहीत नव्हतं. पाणी दिलं ते प्याल्या नाय. म्हणाल्या, "कागद बघू?"

काढून दिला. त्यांनी बोट फिरवत आणलं. फेब्रुवारीभर बारीक लाटा. मार्चच्या तीन तारखेला बोट थांबलं.

"इथे काय झालं? इतके दिवस सरळ, आणि इथून एकदम खाली. असं नशिबानं होत नाही. काहीतरी काढून घेतल्यासारखं आहे. काय बदललं?"

आत्या उंबऱ्याच्या आत बसल्या व्हत्या. मला त्यांचे फक्त पाय दिसत व्हते.

म्हटलं, "काय नाय बदललं."

ताईंनी कागदावरनं बोट उचललं. मंग त्यांचा आवाजच फिरला. "मग माझाच नियम. निळ्यासाठी तीन दिवस द्यायला नको होते मी. लाल थांबू शकतो, निळा नाही. मला ठाऊक होतं, निळ्याच्या खाली काही दिसत नाही. तरी दोन्हीकडे तीन लिहिले, लक्षात ठेवायला सोपं म्हणून." आणि एवढं शिकलेलं माणूस तोंडाला ओढणी लावून रडायला लागलं.

मला काय कळंना. एक उंबऱ्याच्या आत, एक भायेर. आणि मी मधी. मी गप ऱ्हायले असते तर हे ताईंच्या माथी गेलं असतं. बोलले असते तर म्हातारीच्या.

म्हटलं, "ताई, तुमची चूक नाय. गूळ मी देत व्हते तिला. दुपारी, एक खडा. लिवला नाय मी. शिमग्यापासून बंद केला."

ताईंनी ओढणी खाली घेतली. माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मला मान वर करवंना.

"मी विचारलं होतं तुला. इथेच बसून."

"व्हय."

"तू नाही म्हणालीस."

"व्हय."

त्यांनी पेन्सिल काढली. रागानं नाय, पण हात घट्ट झाला व्हता. म्हणाल्या, "सांग. कोणकोणत्या दिवशी दिला? खूण करू या. निदान खरं काय ते कागदावर तरी राहील."

मला काय सांगता येणार? मी लाल घरं शोधायला लागले. म्हटलं, "हा... हा दिला असंल... हा पण..."

तेवढ्यात आतनं आत्यांचा आवाज आला. हळू, पाठ केल्यासारखा.

"मंगळवारी नाय. मंगळवारी मी पोलादपूरच्या बाजाराला जायची. शनिवारी दोन खडे. संक्रांतीला तीन दिले, देवळामागं. एक तिनं खिशात ठेवला, दुसऱ्या दिशी खायला."

ताईंची पेन्सिल थांबली. त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मला वाटलं आता काय तरी बोलतील. त्यांनी कागद उचलला, आणि उंबऱ्यापाशी जाऊन जमिनीवर बसल्या.

"सांगा आजी. नोव्हेंबरपासून."

म्हातारी सांगत गेली. कुठल्या दिशी दिला, कुठल्या दिशी नाय, सगळं तिला याद व्हतं. पोर काय बोलली तेपण. ताई एकेक घरात बारीक खूण करत गेल्या. मी शेजारी बसून बघत व्हते. लालवर खूण, लालवर खूण, नारिंगीवर खूण. मंगळवार सगळे हिरवे ऱ्हायले. एवढे महिने तो कागद माझ्यापुढं व्हता, आणि मंगळवार मला दिसला नाय.

शेवटी ताईंनी मोजलं. बिनखुणेचे लाल सगळे मिळून चार निघाले.

"एवढंच नशीब होतं," म्हणाल्या.

दोन मार्चपासून पुढची घरं मोकळी. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आत्यांनी विचारलं, "आता काय लिवलंस बाय त्यात?" ताई म्हणाल्या, "काही नाही आजी. इथे काही दिलं नाही तुम्ही."

आत्या म्हणाल्या, "मागत व्हती."

ताई साडेचारच्या एसटीनं गेल्या. फाट्यापर्यंत मी सोडायला गेले. बसमध्ये चढताना त्यांनी पुडी काढून माझ्या हातात दिली. वीस चिंचोके, मोजलेले, मैनानं दिलेले. मंग त्यातला एक परत घेतला.

घरी येऊन चहा ठेवला. आत्यांचा बिनगुळाचा, माझा बिनगुळाचा. दोघी ओटीवर बसलो. अंगणात मैना लघवीला बसायची त्या जागेवर आता एक मुंगी नाय.